शिट्टी आणि हात : लंडनच्या मार्गरक्षक पोलिसांची संकेतभाषा

१. प्रास्ताविक

भाषेच्या अभ्यासकाने पोलिसाच्या कामगिरीविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विषयांतर वाटण्याचा संभव आहे. म्हणून ह्या विषयाकडे लक्ष कसे गेले, ते आरंभीच सांगितलेले बरे. काही वर्षांपूर्वी अभ्यासाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाला लंडनमध्ये राहण्याचा योग आला होता. एके दिवशी सकाळी रस्ता ओलांडण्यासाठी उभा असताना एक तीव्र, थरथरती शिट्टी कानी पडली. मान वळवून पाहतो तो एक पोलीस मोटारसायकलवरून चौकाच्या मध्यभागी येऊन थांबत होता. त्याने माझ्याकडे पाहिले व तळहात समोर धरला. मी पुढे टाकलेले पाऊल मागे घेतले. लगेच त्याने दुसऱ्या बाजूच्या बसचालकाकडे दृष्टी वळविली आणि तीच खूण केली. बस थांबली. काही सेकंदांत दोन काळ्या मोटारी चौकातून निघून गेल्या आणि त्यांच्या मागोमाग तो पोलीसही दिसेनासा झाला. भोंगा वाजला नाही, कोणी ओरडले नाही, एकही शब्द उच्चारला गेला नाही. तरीही आपण काय करावयाचे, हे चौकातील प्रत्येकाला कळले होते.

शब्दावाचून हे कळले कसे, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. ज्या पोलिसांची ही कामगिरी होती, त्यांच्या तुकडीचे नाव 'स्पेशल एस्कॉर्ट ग्रुप' असे आहे. ह्या तुकडीतील अधिकाऱ्याची सारी कारकीर्द म्हणजे एका लहानशा पण काटेकोर संकेतभाषेचे शिक्षण, उपयोजन आणि संक्रमण होय, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात यत्न केला आहे. ही भाषा कोठे पुरी पडते आणि कोठे अपुरी पडते, ह्याचाही विचार ओघानेच करावा लागेल. कारण येथे अर्थबोध चुकला, तर त्याची किंमत माणसाच्या प्राणाने मोजावी लागते.

२. शब्दविचार

इंग्रजीतील 'एस्कॉर्ट' हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये तो 'स्कोर्ता' ह्या इटालियन शब्दावरून आला. त्याच्या मुळाशी 'वाट दाखविणे' हा अर्थ आहे. म्हणजे मुळात हा शब्द रक्षकाचा नसून वाटाड्याचा आहे. रक्षणाची छटा त्याला मागाहून चिकटली.

मराठीत ह्या कल्पनेसाठी एकच एक शब्द नाही. अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. वाटेत सोबत करून सुखरूप पोचविणारा तो जुन्या मराठीतील 'वोळावा' किंवा 'बोळावा'. 'बोळवण' हा शब्द त्याच कुळातील. फारसीतून आलेला 'बदरका' हा शब्द प्रवाशांबरोबर किंवा खजिन्याबरोबर द्यावयाच्या रक्षकांसाठी होता. राजाची स्वारी निघाली म्हणजे पुढे चालणारा लवाजमा तो 'जिलीब'. घरगुती व्यवहारातही ही कल्पना आहेच: नववधूबरोबर सासरी जाते ती 'पाठराखीण', आणि सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरी नेण्यास येतो तो 'मुऱ्हाळी'. 'पाठराखीण' ह्या शब्दात रक्षण करणारी व्यक्ती पाठीशी आहे. 'वाटाड्या'त ती पुढे आहे. 'सोबत' ह्या शब्दात ती बाजूला आहे. ज्या पथकाचा आपण विचार करीत आहोत, त्याला ह्या तिन्ही जागा आळीपाळीने घ्याव्या लागतात. आपल्या पोलिसांच्या बोलीत मात्र मंत्र्याच्या मोटारीपुढे धावते ती 'पायलट' व मागून येते ती 'एस्कॉर्ट' अशी वाटणी झाली आहे, आणि कैद्याला न्यायालयात पोचविणाऱ्या तुकडीला 'कैदी पार्टी' म्हणतात. पुढील विवेचनात 'मार्गरक्षक' हा शब्द योजिला आहे. त्यात वाट आणि रक्षण हे दोन्ही अर्थ येतात.

३. पथकाची घडण

लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलाची स्थापना १८२९ साली झाली. मार्गरक्षक पथक त्या मानाने अलीकडचे. त्याचा आरंभ १९५२ सालचा असून, युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मार्शल टिटो ह्यांची मार्च १९५३ मधील लंडनभेट हे त्याचे निमित्त होते. १९४८ साली टिटोंनी स्टालिनशी फारकत घेतली होती, आणि देशाबाहेर पडलेल्या युगोस्लाव्ह निर्वासितांतही त्यांचे शत्रू होते. एका साम्यवादी देशाचा प्रमुख लंडनसारख्या खुल्या शहरातून हिंडणार, तेव्हा त्याला सुरक्षित कसे ठेवावयाचे, हा प्रश्न त्या वेळी पोलिसांपुढे उभा राहिला. टिटो बोटीने टेम्स नदीतून आले आणि वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावर उतरले. पुढील रस्त्यावरील प्रवासासाठी मोटारसायकलींवरील पोलिसांची ही तुकडी सिद्ध करण्यात आली होती.

तेव्हापासून राजघराण्यातील व्यक्ती, पंतप्रधान व अन्य मंत्री, परदेशांचे राष्ट्रप्रमुख, अत्यंत धोक्याचे मानले गेलेले कैदी आणि मौल्यवान किंवा घातक माल, ह्या सर्वांना रस्त्याने नेण्याचे काम ह्याच पथकाकडे आहे. ही यादी बारकाईने पाहण्याजोगी आहे. राणीची मोटार व कैद्याची मोटार ह्यांत समाजाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर. पण चौक अडविणाऱ्या पोलिसाचा हात दोघांसाठी सारखाच वर होतो. आत कोण बसले आहे, हे त्या खुणेत सांगितलेले नसते. सांगितलेले असते ते एवढेच, की ही वाट काही क्षण मोकळी हवी. ह्या मुद्द्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

४. अधिकाऱ्याची कारकीर्द

ह्या पथकात कोणी एकदम दाखल होत नाही. परंपरेने लंडनच्या पोलिसाची पहिली दोन वर्षे उमेदवारीची असत. ह्या काळात तो पायी गस्त घालतो, रस्त्यावरच्या माणसांशी बोलतो, प्रसंगी चौकात उभा राहून वाहने हाताने नियंत्रित करतो. पुढे ज्याला मार्गरक्षणाकडे वळावयाचे असेल, त्याला मोटारसायकल चालविण्याचे वरच्या दर्जाचे शिक्षण घ्यावे लागते. त्यानंतर शस्त्रशिक्षण. लंडनचे बहुसंख्य पोलीस आजही निःशस्त्र असतात. मार्गरक्षक मात्र सशस्त्र असतो. शेवटी पथकाच्या स्वतःच्या पद्धतीचे शिक्षण येते.

ह्या शिक्षणाची पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. लंडनच्या हेन्डन भागातील पोलिसांच्या वाहनशाळेत १९३७ च्या सुमारास अर्ल ऑफ कॉटनहॅम ह्यांच्या मार्गदर्शनाने वाहन चालविण्याची एक शिस्तबद्ध पद्धती घडविण्यात आली. तिच्यावर आधारलेले 'रोडक्राफ्ट' हे पुस्तक १९५५ साली सर्वसामान्यांसाठी प्रसिद्ध झाले. त्याच्या अलीकडील आवृत्त्यांत चालकाच्या पहिल्या कर्तव्याचे तीन भाग सांगितले आहेत: माहिती घेणे, माहिती वापरणे आणि माहिती देणे. वाहन चालविणे म्हणजे हातापायांचे कसब, अशी आपली सामान्य समजूत असते. येथे तो माहितीचा व्यवहार मानला आहे, म्हणजेच वाचण्याचा आणि बोलण्याचा. रस्ता हा वाचावयाचा मजकूर, आणि आपले वाहन हे आपले बोलणे. भाषाभ्यासकाला ही दृष्टी परकी वाटणार नाही.

पोलिसाच्या अंगी संकेत किती खोल मुरलेले असतात, ह्याचे एक गमतीचे उदाहरण देण्यासारखे आहे. १९५० नंतरच्या काळात इंग्लंडमधील गस्तीच्या पोलिसांना वेलोसेट बनावटीच्या हलक्या, आवाज न करणाऱ्या मोटारसायकली देण्यात आल्या. वरिष्ठ दिसला की सलाम करावयाचा हा नियम. परंतु चालत्या वाहनावर हात सोडणे धोक्याचे. तेव्हा नुसती मान लवविली तरी चालेल, अशी मुभा मिळाली. मान लवविण्याला इंग्रजीत 'नॉड' म्हणतात. त्यावरून त्या वाहनाला 'नॉडी बाइक' हे नाव पडले, असे सांगतात. खूण बदलली, अर्थ कायम राहिला, आणि खुणेवरून वाहनाला नाव मिळाले: अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासात शोभावे असे हे उदाहरण आहे.

५. न थांबण्याची कला

मार्गरक्षणाचे मूळ तत्त्व एका वाक्यात सांगता येते: रक्षावयाची मोटार थांबू नये. वेग हे ह्या पथकाचे उद्दिष्ट नव्हे. अखंड गती हे उद्दिष्ट होय. चालत्या मोटारीला गाठणे कठीण, थांबलेलीला गाठणे सोपे.

ह्याची प्रचीती लंडनला २० मार्च १९७४ रोजी आली. त्या दिवशी संध्याकाळी राजकन्या ॲन बकिंगहॅम राजवाड्याकडे परतत असताना एका हल्लेखोराने 'द मॉल' ह्या रस्त्यावर आपली मोटार तिच्या मोटारीपुढे आडवी घातली आणि गोळ्या झाडल्या. राजकन्येबरोबर एकच अंगरक्षक होता, जेम्स बीटन. त्याचे पिस्तूल ऐन वेळी अडले. तो स्वतः तीन गोळ्या लागून जखमी झाला. आणखी तिघे जखमी झाले, राजकन्या बचावली. बीटन ह्यांना पुढे 'जॉर्ज क्रॉस' हे मानचिन्ह देण्यात आले. गोळ्या झाडण्यापूर्वी हल्लेखोराला एक गोष्ट करावी लागली, ती म्हणजे मोटार थांबविणे. ती थांबली नसती, तर पुढील सारे घडणे दुरापास्त होते.

न थांबण्यासाठी दोन मार्ग संभवतात. एक, सारा रस्ता आधीपासून बंद करावयाचा. ह्यात शहराची वाहतूक तासन्‌तास खोळंबते. दुसरा, मोटार ज्या चौकात पोचणार असेल तो चौक तेवढ्यापुरताच मोकळा करावयाचा. लंडनच्या पथकाने दुसरा मार्ग पत्करला. एक मोटारसायकल ताफ्याच्या अग्रभागी चालते. इतरांपैकी एक जण पुढे जाऊन चौक धरतो. ताफा निघून गेला की चौक सोडतो, ताफ्याला मागे टाकून पुन्हा पुढे येतो आणि आणखी पुढचा चौक धरतो. तोवर मधला चौक दुसऱ्याने धरलेला असतो. विहिरीवरच्या रहाटाच्या गाडग्यांप्रमाणे हा क्रम फिरत राहतो. एका चौकातील लोकांना काही सेकंद थांबावे लागते, आणि ताफ्याला कोठेच थांबावे लागत नाही.

मात्र ह्या पद्धतीत सारा भार संकेतांवर येऊन पडतो. रस्ता आधीपासून बंद असेल, तर कोणाला काही सांगावे लागत नाही. येथे प्रत्येक चौकात, अपरिचित माणसांना, क्षणार्धात, नेमके काय करावयाचे ते सांगावे लागते.

६. शिट्टी : संबोधन

ह्या पथकाच्या मोटारसायकलींना भोंगा असतो. पण नेहमीच्या कामात पथकाची भिस्त असते ती तोंडातल्या शिट्टीवर. लंडनच्या पोलिसांच्या हाती शिट्टी आली ती १८८० नंतरच्या दशकात. त्यापूर्वी मदतीची हाक देण्यासाठी ते लाकडी कर्कश खुळखुळा वापरीत. बर्मिंगहॅमचे कारागीर जोसेफ हडसन ह्यांनी घडविलेली शिट्टी त्या खुळखुळ्याच्या जागी आली. ती लहान, हलकी, आणि फार दूरवर ऐकू जाणारी होती.

शिट्टी आणि भोंगा ह्यांतील भेद व्याकरणाच्या परिभाषेत मांडता येतो. भोंगा सर्वांना उद्देशून असतो. त्याला द्वितीय पुरुषाचे एकवचन नाही. तो दुरून ऐकू येऊ लागतो आणि बराच वेळ ऐकू येत राहतो. उंच इमारतींमध्ये तो घुमतो, आणि नेमका कोणत्या बाजूने येत आहे हे चटकन उमजत नाही. ऐकणारा गोंधळतो, कोणी गाडी जागच्या जागी थांबवितो, कोणी घाईने बाजूला घेतो. शिट्टी तोकडी असते. ती जवळून येते, एकदम येते, आणि ऐकणारा त्या दिशेला मान वळवितो. मान वळली की शिट्टीचे काम संपले. पुढचे काम हाताचे.

म्हणजे शिट्टी ही शुद्ध संबोधन आहे. 'अहो' किंवा 'अगं' ह्या शब्दांत जसा स्वतःचा असा आशय नसतो, केवळ ऐकणाऱ्याचे लक्ष आपल्याकडे वेधण्याची शक्ती असते, तसेच शिट्टीचे. दूरच्या माणसाला हाक मारताना संबोधनाचा अंत्य स्वर लांबतो, तो प्लुत होतो, हे पाणिनीने नोंदविले आहे. हाक आणि शिट्टी ह्यांचा संबंध असा जुना आहे. येथे एक गैरसमज टाळावयास हवा. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा ह्या बेटावर शिळेची भाषा आहे; तीत स्पॅनिश भाषेतील शब्दच शिळेच्या चढउतारांनी उच्चारले जातात, आणि कोणताही मजकूर दरीपलीकडे पाठविता येतो. पोलिसाची शिट्टी तशी नव्हे. तिच्यात शब्द नाहीत, वर्ण नाहीत. आहे ती केवळ हाक.

७. हात : आज्ञार्थ

हाताच्या खुणांची गोष्ट निराळी आहे. त्यांना निश्चित अर्थ आहेत, आणि ते सरकारने जाहीर केलेले आहेत. ब्रिटनमधील रस्त्यांच्या नियमांचे 'हायवे कोड' हे पुस्तक १९३१ साली प्रथम निघाले. त्यात पोलिसाच्या हाताच्या खुणा चित्रांसह दिल्या जातात: समोरून येणाऱ्याने थांबावयाचे असल्यास कोणती, मागून येणाऱ्याने थांबावयाचे असल्यास कोणती, पुढे या म्हणावयाचे असल्यास कोणती. वाहन चालविण्याचा परवाना मिळविण्यासाठी १९३५ पासून तेथे परीक्षा सक्तीची झाली. त्यामुळे ह्या खुणांचे ज्ञान चालकाला असते, असे गृहीत धरता येते. ह्या खुणा म्हणजे आज्ञार्थी क्रियापदे होत: 'थांबा', 'या', 'वळा'. त्यांना भूतकाळ नाही, भविष्यकाळ नाही, 'जर-तर' नाही.

रोमान याकोबसन ह्यांनी १९६० साली भाषेच्या कार्यांची मांडणी करताना श्रोत्याला उद्देशून असलेल्या कार्याचा सर्वांत निर्भेळ आविष्कार संबोधनात आणि आज्ञार्थात होतो, असे म्हटले आहे. मार्गरक्षकाची भाषा ह्या दोहोंचीच बनलेली आहे. तीत वर्णन नाही, भावनेचे प्रकटीकरण नाही. एवढी निर्भेळ श्रोतृलक्ष्यी भाषा अन्यत्र क्वचितच आढळेल.

हाक आणि आज्ञा मिळून वाक्य कसे होते, हे पाहण्यासाठी आपल्याकडील जुन्या शाब्दबोधविचाराचा उपयोग होतो. वाक्यार्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधी ह्या तीन गोष्टी आवश्यक आहेत, असे आपल्या शास्त्रकारांनी सांगितले. शिट्टी ऐकून मान वळविणाऱ्याच्या मनात 'काय?' असा प्रश्न उभा राहतो; ती आकांक्षा. हाताची खूण त्या जागी, त्या माणसाला लागू पडण्याजोगी असावी लागते. ज्याला थांबण्यास जागाच नाही त्याला 'थांबा' म्हणण्यात अर्थ नाही, ही योग्यता. आणि शिट्टी व खूण ह्यांच्यामध्ये फार वेळ जाता कामा नये. शिट्टी वाजून गेली आणि हात दोन सेकंदांनी वर झाला, तर मध्यंतरी त्या माणसाने आपल्या मनानेच काही तरी केलेले असेल. हा संनिधी. तिन्ही असतील तर एक अक्षरही न उच्चारता वाक्य पुरे होते.

ह्यांच्या जोडीला आणखी एक घटक आहे, तो म्हणजे दृष्टी. तळहात एकच, पण तो कोणासाठी आहे हे पोलिसाची नजर ठरविते. बसचालकाकडे पाहिले तर तो बसचालकासाठी, पादचाऱ्याकडे पाहिले तर पादचाऱ्यासाठी. नजर हे ह्या भाषेतील सर्वनाम आहे. खुणा फारच थोड्या असूनही ही भाषा चालते, ह्याचे कारण हे सर्वनाम होय.

८. पथकांतर्गत भाषा

आतापर्यंत पाहिली ती बाहेरच्यांशी बोलावयाची भाषा. पथकातील माणसांची आपसांतील भाषा आणखी संक्षिप्त असते. येथे स्थान हीच खूण होते. एखादा सहकारी चौकात कोणत्या बाजूला, कोणत्या कोनात उभा आहे, ह्यावरून मागून येणाऱ्याला वळण कोठे घ्यावयाचे ते समजते. कोण ताफ्याजवळ आहे व कोण मागे राहिला आहे, ह्यावरून पुढचा चौक कोणी धरावयाचा ते ठरते. वाक्यात जसा पदक्रमावरून कर्ता-कर्म कळावा, तसे हे स्थानक्रमावरून कळते. आता शिरस्त्राणातून बोलण्याची साधने उपलब्ध झाली आहेत. तरी गजबजलेल्या रस्त्यावर वाक्य पुरे होईपर्यंत प्रसंग निघून गेलेला असतो, म्हणून स्थानाची भाषा टळत नाही.

ही भाषा पुस्तकातून पुरती शिकता येत नाही. नवा मनुष्य जुन्याच्या मागून जातो, त्याचे पाहतो, चुकतो, सुधारतो. पाठशाळेतील गुरुमुखाने चालणाऱ्या विद्येप्रमाणे ती व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाते. म्हणून ह्या पथकातील अधिकाऱ्याच्या कारकीर्दीचा उत्तरार्ध बहुधा शिकविण्याचा असतो. त्याने किती राष्ट्रप्रमुख पोचविले, ह्याची मोजदाद करता येईल; पण त्याच्या हातचे किती जण नजर वापरावयास शिकले, ही गोष्ट पथकाच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरते.

भाषा तीच राहून तिचा सूर कसा बदलतो, हे सप्टेंबर २०२२ मध्ये दिसून आले. १३ सप्टेंबर रोजी राणी दुसऱ्या एलिझाबेथ ह्यांची शवपेटिका नॉर्थोल्टच्या विमानतळावरून बकिंगहॅम राजवाड्यात रस्त्याने आणण्यात आली. पाऊस पडत होता आणि अंधार झाला होता. समोरच्या बाजूच्या रस्त्यावरील लोक, कोणी सांगितले नसताना, आपापल्या मोटारी थांबवून उभे राहिले. त्या दिवशी वाट मागावी लागली नाही. ती आपण होऊन मिळाली. एरवी ज्या आज्ञेसाठी हात वर करावा लागतो, तिचे पालन लोकांनी ती दिली जाण्यापूर्वीच केले होते.

९. ग्राहकाचा प्रश्न

असे असले, तरी ह्या व्यवस्थेला एक मर्यादा आहे, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. संकेत देणाऱ्याने तो कितीही अचूक दिला, तरी घेणाऱ्याला तो पोचला नाही तर अर्थ सिद्ध होत नाही. 'हायवे कोड'ची परीक्षा वाहनचालक देतो. पादचारी देत नाही. पादचारी वृद्ध असेल, त्याला कमी ऐकू येत असेल, तो लहान मूल असेल, किंवा परदेशी असेल. लंडनच्या कित्येक चौकांत पायाशी 'उजवीकडे पाहा' असे रंगवून लिहिलेले असते. जेथे वाहने उजव्या बाजूने चालतात अशा देशांतून आलेला पाहुणा सवयीने डावीकडे पाहतो, म्हणून ही सूचना. शहरानेच अशी कबुली दिली आहे, की आपल्या रस्त्यांची भाषा सर्वांना येत नाही.

मे २०२३ मध्ये ह्या मर्यादेची दुःखद जाणीव झाली. १० मे रोजी एडिंबरोच्या डचेसच्या ताफ्याबरोबर असलेल्या ह्या पथकातील एका मोटारसायकलची लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातील एका चौकात ८१ वर्षांच्या एका स्त्रीशी धडक झाली. सुमारे दोन आठवड्यांनी त्या स्त्रीचा मृत्यू झाला. पोलिसांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे तपास गेला. दोष कोणाचा, हा न्यायाचा विषय आहे; त्यावर येथे काही म्हणणे अप्रस्तुत होय. परंतु भाषाभ्यासकाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. चौक धरून झाल्यावर मागे राहिलेला मार्गरक्षक जेव्हा पुन्हा पुढे जाण्यासाठी ताफ्याला ओलांडतो, तेव्हा तो स्वतःच एक वेगाने जाणारे वाहन असतो. ज्या क्षणी तो बोलत नसतो, त्या क्षणी तो इतरांना सर्वाधिक धोकादायक असतो. चौकात उभा असलेला मार्गरक्षक लोकांना सांगतो, 'थांबा'. पण दोन चौकांमध्ये धावणारा मार्गरक्षक काय सांगतो आहे, हे समजणे पादचाऱ्याला तितके सोपे नाही. ताफा गेला असे समजून तो पाऊल पुढे टाकू शकतो. म्हणजे ज्या पद्धतीमुळे शहर खोळंबत नाही, त्याच पद्धतीत हा धोका सामावलेला आहे. एकाच्या रक्षणासाठी दिलेल्या संकेतात इतरांच्या रक्षणाचीही जबाबदारी गृहीत असते. ही जबाबदारी संकेत देणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नव्हे.

१०. संकेत आणि प्रतिष्ठा

आता तिसऱ्या विभागात राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे वळू. लंडनच्या मार्गरक्षकाचा हात आत कोण आहे ते सांगत नाही. हा गुण किती मोलाचा, हे त्याच्या विरुद्ध उदाहरणावरून समजेल, आणि ते उदाहरण आपल्या भाषेतच आहे. मोटारीवरील लाल दिव्याचा मूळ अर्थ 'वाट द्या' असा होता. परंतु मराठीत 'त्याला लाल दिव्याची गाडी मिळाली' ह्याचा अर्थ 'तो मंत्री झाला' असा होऊ लागला. संकेत वाटेचा राहिला नाही; पदाचा झाला. एकदा तो पदाचा झाला, की ज्याला वाटेची निकड नाही त्यालाही तो हवासा वाटू लागतो. आणि जो तो मिरवू लागला, की रस्त्यावरचा माणूस त्याकडे काणाडोळा करू लागतो. शेवटी केंद्र सरकारने १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील असे दिवे काढून टाकण्याचा निर्णय अमलात आणला. रुग्णवाहिका, अग्निशामक दल, पोलीस ह्यांसारख्या तातडीच्या सेवांसाठी मात्र दिव्याची सोय ठेवण्यात आली. म्हणजे संकेताला त्याचा मूळ अर्थ परत देण्याचाच तो प्रयत्न होता. 'ताफा' ह्या शब्दाचाही प्रवास असाच उद्बोधक आहे. अरबीतील समूहवाचक शब्दापासून आलेला हा शब्द मराठीत एके काळी कलावंतिणींच्या व वाजंत्र्यांच्या समूहास लावीत. आता तो प्रामुख्याने मंत्र्यांच्या मोटारींस लावला जातो. मिरवणुकीची छटा त्याने अजून सोडलेली नाही.

११. समारोप

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. मार्गरक्षक पोलिसाची भाषा अत्यल्प चिन्हांची आहे: एक हाक, चार-पाच आज्ञा, आणि त्या कोणास उद्देशून आहेत हे सांगणारी नजर. तिचे सामर्थ्य ह्या अल्पतेत आहे. ती कोणाचाही मानमरातब सांगत नाही, म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. परंतु ती शिकलेल्यांसाठी रचलेली आहे आणि न शिकलेल्यांमध्ये वापरावी लागते, हा तिच्यातील अंगभूत ताण होय. चांगला मार्गरक्षक तो, जो खूण करून थांबत नाही. समोरच्याला ती कळली आहे, हे पाहिल्यावरच पुढे जातो.

आपल्या शहरांतील चौकांत उभे राहणारे वाहतूक-पोलीसही अशीच एक भाषा रोज बोलत असतात. पुण्याच्या व मुंबईच्या चौकांत तिची रूपे निरनिराळी असण्याचा पुष्कळ संभव आहे. नियमपुस्तकातील खुणा कोणत्या, प्रत्यक्षात वापरल्या जातात त्या कोणत्या, आणि रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यांपैकी किती कळतात, ह्याची नोंद विभागातील विद्यार्थ्यांनी काही चौकांत उभे राहून केली, तर ती उपयुक्त होईल. एखाद्या बोलीचे शब्द गोळा करण्याइतकेच हे काम शास्त्रीय आहे. त्यातील चूक मात्र कोशातल्या चुकीप्रमाणे पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येत नाही.